डाव्या चाकाचा आवाज

सोमवार, ४ मार्च

गाडीच्या ब्रेकचा आवाज यायला लागला आहे. गॅरेजमध्ये गेलं की पहिला प्रश्न असतो, कधीपासून येतोय. मला ते कधीच सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीची एक डायरी मी काम करते त्या दुकानात कोरी पडून होती, ती घरी आणली.

तर, आजपासून. सकाळी आईंना, म्हणजे सासूबाईंना, व्यायामाला नेलं होतं. खुब्याच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस व्यायाम असतो. ते केंद्र चढावर आहे. परत येताना उतारावर ब्रेकवर हलका पाय ठेवला की चिंऽऽ असा बारीक आवाज. पाटीवर खडू आडवा धरल्यासारखा. पुढून येतो, बहुतेक डावीकडून. जोरात दाबला तर येत नाही.

आई म्हणाल्या, "आवाज गाडीचा आहे की माझ्या खुब्याचा, ते आधी ठरव."

काल हे गेले. बदली झाल्यापासून दीड वर्ष शनिवारी येतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. काल दाराशी बॅग ठेवून म्हणाले की आता परत येणार नाही, तिकडे कोणीतरी आहे, बऱ्याच दिवसांपासून आहे. मी विचारलं, गाडीचं काय. तुला राहू दे, म्हणाले. मग मी विचारलं, स्टेपनीत हवा भरली होती का. भरली होती. मग त्यांनी बॅगेची चेन लावली. ती आधीच लावलेली होती.

आईंना सांगितलं की तिकडे काम वाढलंय, थोडे दिवस येणं जमणार नाही. त्या "बरं" म्हणाल्या. एरवी दहा प्रश्न विचारतात. पाय दुखत असेल.


बुधवार, ६ मार्च

आवाजाची नोंद. सकाळी गाडी थंड असताना जास्त. रिव्हर्सला नाही. हँडब्रेकला नाही. पाऊस नाही, त्यामुळे गंज नसावा. डाव्या चाकाच्या वाटीवर काळी पूड बसते, उजव्यावर तेवढी नाही. फडक्याने पुसली. उद्या परत बघायचं.

आईंनी ह्यांच्या कपाटातला मधला कप्पा मागितला. त्यांना वाकता येत नाही, म्हणून औषधं आणि नेसायचं तिथे ठेवायचंय. त्या कप्प्यात ह्यांचे शर्ट आहेत. मी म्हटलं, ते आले की शर्ट कुठे ठेवतील. "येईल तेव्हा बघू," म्हणाल्या. शर्ट घडी करून दोन पिशव्यांत भरले, पिशव्या पलंगाखाली सरकवल्या.

शर्टांना इस्त्री होती. ती मोडणार नाही अशा बेताने भरले.


शनिवार, ९ मार्च

गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाला ह्यांचा शाळेतला मित्र, मला वहिनी म्हणतो. मी डायरीतून आवाजाबद्दल वाचून दाखवलं. त्याने चाक न काढताच बॅटरीच्या उजेडात आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं की पॅड अजून अर्धे आहेत, धूळ बसली आहे, एवढंच. पाण्याचा फवारा मारला, हवा मारली. झालं, म्हणाला.

मग विचारलं, "तो... बरा आहे ना?" मी म्हटलं, बरे आहेत. त्यावर तो एकदम फोन काढून बाजूला गेला. फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नव्हतं. घाईत असेल.

आवाज गेला. उतारावर दोनदा दाबून पाहिलं.


रविवार, १० मार्च

काही नाही. आवाज नाही.


मंगळवार, १२ मार्च

आवाज परत आला, आणि बदलला. आता चिंऽऽ नाही, घर्रर्र आहे. काच घासायच्या चाकावर काचेऐवजी फ्रेमची धातूची कड टेकली की येतो तसा. दुकानात एकोणीस वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवते आहे, त्यामुळे हा आवाज चांगला नाही एवढं कळतं.

आज एका गिऱ्हाइकाच्या काचा डाव्या-उजव्या उलट बसवल्या. तो माणूस चष्मा घालून दारापर्यंत गेला आणि पायरीवर थांबला. मालक आतून आले. पाणी प्या, म्हणाले. मी प्यायले. एकोणीस वर्षांत पहिली चूक. वाईट वाटायला हवं होतं. मी पेल्यावरचे बोटांचे ठसे बघत बसले होते.

ह्यांचा फोन आला. तळमजल्यावर खोली मिळाली आहे, पायऱ्या नाहीत, महिनाअखेरीस येऊन आईला घेऊन जातो, म्हणाले. तिला तू सांगतेस की मी सांगू? मी सांगते, म्हटलं.

अजून सांगितलं नाही. सांगितलं की त्या जातील. जायलाच हवं, मुलगा त्यांचा आहे, मी कोण. बावीस वर्षं एका घरात राहिलो, पण ते सगळं ह्यांच्यामुळे. आणि आईंची तब्येत सुधारत असताना असलं काही कानावर घालणं बरं नव्हे. आज त्या कुबडीशिवाय मोरीपर्यंत गेल्या. फार शांत असतात हल्ली. मी दुकानातून आले की टीव्ही बंद करतात आणि माझ्याकडे बघतात. काय हो, विचारलं तर काही नाही म्हणतात.

जेवताना तीन ताटं काढायची सवय होती शनिवार-रविवारची. ह्या रविवारी त्यांनी दोनच काढली होती. म्हणजे माझं म्हणणं त्यांना पटलेलं दिसतं.


शुक्रवार, १५ मार्च

आज अपघात होता होता राहिला.

व्यायामाहून परत येताना, त्याच उतारावर. खाली वळणावर एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. लांब होती. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थडथडलं, गाडी डावीकडे ओढली गेली आणि जिथे थांबायला हवी तिथे थांबली नाही. थांबली, पण नंतर. त्या बाईत आणि बंपरमध्ये एका माणसाला आडवं झोपता येईल एवढी जागा उरली होती. बाई माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने ढकलगाडीवरचं पांघरूण नीट केलं आणि गेली.

आईंचा हात माझ्या छातीवर आडवा होता. लहान पोराला धरतात तसा. पट्टा लावलेला होता तरी. स्वतःचा खुबा सांभाळायचा सोडून.

मला काहीच झालं नाही. छातीत धडधडलंही नाही. ते लिहून ठेवते, कारण ते बरोबर नसावं.

घरी येईपर्यंत जळकट वास येत होता. मी आईंना लिफ्टने वर नेऊन दुकानात जाणार होते. पण त्या लिफ्टकडे न वळता कुबडी टेकत तळमजल्यावरच्या डेपोकाकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि बेल दाबली. डेपोकाकांनी चौतीस वर्षं बसच्या डेपोत ब्रेकचंच काम केलं. आता हात थरथरतात, कप धरला तरी बशी वाजते. त्यांच्याशी आमचं बोलणं म्हणजे जिन्यात भेटलो तर, तेवढंच.

ते चप्पल घालून बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. उजव्या चाकाजवळ तळवा नेला, मग डाव्या चाकाजवळ, आणि झटकन मागे घेतला.

"सूनबाई, इकडे या. हात लावू नका, नुसता जवळ आणा."

उजवं कोमट होतं. डावं तव्यासारखं तापलं होतं.

ते म्हणाले, "ही गाडी इथून हलवायची नाही. चावी वहिनींकडे द्या."

मी चावी आईंकडे दिली. त्यांनी ती कमरेला खोचली.


शनिवार, १६ मार्च

डेपोकाकांनी सामानाची यादी दिली आहे. अक्षर हाताबरोबर हलतं, दोनदा विचारावं लागलं. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड. दोन डिस्क. पिनांचं ग्रीस, साधं नव्हे, ब्रेकचं, उष्णतेने न वितळणारं. ब्रेक साफ करायचा फवारा. तारेचा ब्रश. सगळं मिळालं.

मी म्हटलं, दुसऱ्या गॅरेजमध्ये ओढून नेऊ का. ते म्हणाले, न्या की. पण काचा बसवता ना तुम्ही? मग तुमचे हात आणि माझे डोळे, काम होईल. बघा काय ते.

दुकानातून बसने आले. उभं राहायला जागा होती.


रविवार, १७ मार्च

आजचं सगळं नीट लिहून ठेवते. परत कधी करावं लागलं तर.

सकाळी नऊला सुरुवात केली. डेपोकाका स्टुलावर, आई खुर्चीवर, कुबडी भिंतीला टेकवलेली, हातात बॅटरी. मागच्या चाकांना विटा लावल्या. नट आधी सैल करायचे, गाडी उचलायची नंतर, नाहीतर चाक नुसतं फिरतं. पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा पहिला नट सुटला. जॅकवर गाडी उचलली, खाली लोखंडी घोडी लावली. "जॅकच्या भरवशावर कधी खाली जायचं नाही," डेपोकाका म्हणाले. हे त्यांनी तीनदा सांगितलं. डेपोत कोणाचं तरी काहीतरी झालं असणार. मी विचारलं नाही.

चाक काढलं. आत गुळगुळीत तबकडी असते ती डिस्क, आणि तिला चिमट्यासारखा पकडणारा एक ठोकळा, तो कॅलिपर. चिमट्यात दोन पॅड, एक डिस्कच्या बाहेरून, एक आतून. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी सारखं दाबायचं. फुंकर मारू नका, ती पूड छातीत जाते, म्हणाले. फवाऱ्याने धुतलं.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो, दोरीने बांधला. बाहेरचा पॅड हातात आला. खरोखरच अर्धा होता, जाड, चांगला. गॅरेजवाला खोटं बोलला नव्हता, त्याला बाहेरून एवढंच दिसलं.

मग आतला काढला. त्याला वरचा घासणारा मसाला उरलाच नव्हता. नुसती लोखंडी पट्टी, घासून चकाकलेली, एका बाजूला निळी पडलेली. डिस्कच्या आतल्या अंगाला नखाला लागतील अशा चऱ्या पडल्या होत्या.

मी दोन्ही पॅड शेजारी शेजारी फरशीवर ठेवले. एकाच दिवशी बसवलेले होते ते. आईंनी बॅटरी त्यांच्यावर धरली आणि बराच वेळ हलवली नाही.

डेपोकाकांनी सांगितलं, ज्या पिनेवर कॅलिपर पुढेमागे सरकतो ती अडकली आहे. मग बाहेरचा पॅड नुसता नावाला राहतो, सगळा भार आतल्यावर, आणि ब्रेक सोडला तरी तो सुटत नाही, घासतच राहतो.

"असं किती दिवसांपासून चाललं असेल?" मी विचारलं.

"दिवस नाही, महिने. वर्षसुद्धा. हे एकदम होत नाही, सूनबाई. आवाज मात्र एकदम येतो."

मी म्हटलं, मला कळायला हवं होतं.

"तुम्हाला कसं कळणार? गाडी तर थांबत होती."

आई मध्येच म्हणाल्या, "भाऊजी, ती पिन काढायला घ्या आता."

पिन निघायला पाऊण तास लागला. पान्याने पिळायची, फवारा मारायचा, थांबायचं, परत पिळायची. डेपोकाकांनी एकदा सवयीने हात पुढे केला. पाना त्यांच्या हातात वाजायला लागला. त्यांनी तो मला परत दिला आणि हात मांडीखाली घेऊन बसले. पिन बाहेर आली तेव्हा तपकिरी झाली होती, गंजाची साल धरून. ती तारेच्या ब्रशने घासली, स्वच्छ पुसली, ग्रीस लावलं, परत भोकात घातली आणि बोटाने ढकलली. सरकली. परत ओढली, परत सरकली. मी ते उगाचच सात-आठ वेळा केलं.

"झालं," डेपोकाका म्हणाले. "आता तिला त्रास देऊ नका."

कॅलिपरमधला पिस्टन हळूहळू मागे दाबला, वर बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डब्यावर आईंनी लक्ष ठेवलं, उतू जात नाही ना ते. नवी डिस्क, नवे पॅड. मग उजव्या बाजूला सगळं परत पहिल्यापासून. उजवीकडे पिन मोकळी होती, तरी तिथलेही पॅड आणि डिस्क बदलायचे, म्हणजे दोन्ही बाजू सारखं धरतात. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही. शेवटी गाडी सुरू न करता पेडल दाबायचं. "पहिला पाय खोल जाईल. घाबरू नका, दाबत राहा." तो खरंच फळीपर्यंत गेला. चौथ्यांदा कडक लागला.

मग चाचणी. नव्या पॅडना डिस्कशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो. गोदामांच्या मागे रविवारी रस्ता मोकळा असतो, तिथे चाळिसाच्या वेगावरून दहावर आणायची, दहा वेळा, मध्ये थोडं अंतर सोडून. एकट्या जा, वहिनींना नेऊ नका, डेपोकाका म्हणाले.

"मी बसणार," आई म्हणाल्या आणि कमरेची चावी काढली.

पहिल्या तीन वेळा थोडा वास आला. नवीन असताना येतो, ते सांगितलेलं होतं. आवाज नाही. गाडी सरळ थांबत होती. आई मोजत होत्या, मोठ्याने. दहा झाले तेव्हा गोदामाच्या भिंतीशी गाडी उभी केली, चाकं निवायला.

आई समोर बघत म्हणाल्या, "त्याने मला आधी सांगितलं. तुला सांगायच्या आठ दिवस आधी. फोनवर."

मी इंजिन बंद केलं.

"मी म्हटलं, तिला तू स्वतः तोंडाने सांग. मी सांगणार नाही. तेवढं तरी त्याने केलं."

मग माझ्या तोंडून आलं, "मग बोलला का नाहीत तुम्ही? चौदा दिवस."

"बोलले असते तर मला जावं लागलं असतं. तू म्हणाली असतीस, आता तुमच्या मुलाकडे जा. आणि म्हणाली असतीस तर बरोबरच होतं. म्हणून मी आपली गप्प. म्हटलं, निघतील तेवढे दिवस निघू देत."

मी त्यांना सांगितलं की मीसुद्धा त्याचसाठी गप्प होते. त्यांना कळलं की त्या जातील म्हणून.

त्या हसल्या नाहीत. मान हलवली. समोरच्या भिंतीवर पत्रा होता, त्यावरून एक मांजर चाललं होतं, ते पलीकडे उतरेपर्यंत आम्ही दोघी बघत होतो.

तेव्हा माझा उजवा पाय थरथरायला लागला. गुडघ्यापासून खाली. मी तो दाबून धरला, थांबेना. बाकी सगळं तसंच होतं, दुखत नव्हतं, रडू येत नव्हतं, फक्त पाय. आईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, थांबेल तेव्हा निघू, घाई नाही.

पंचवीसेक मिनिटं लागली.


बुधवार, २० मार्च

उतारावर आवाज नाही. दोन्ही चाकं सारखी कोमट.

आई आज व्यायामात चार पायऱ्या चढल्या.


सोमवार, २५ मार्च

मालकांना सांगितलं. नवरा गेला, म्हटलं. त्यांचा चेहरा पडला तेव्हा लक्षात आलं की ते काय समजले. तसा नाही, जिवंत आहे, मी म्हटलं. त्यांनी मला एका फ्रेमचा स्क्रू घट्ट करायला दिला. तो घट्टच होता.


रविवार, ३१ मार्च

तो अकरा वाजता आला. भाड्याची मोठी गाडी आणली होती, आईंना चढायला सोपी म्हणून पायरीची. तेवढा विचार केला होता, ते मी लिहिते.

आईंनी सामान बांधलं नव्हतं. खुर्चीत बसून होत्या, सकाळीच वेणी घातली होती. त्याने मला विचारलं, तू सांगितलं नाहीस का. मी काही म्हणायच्या आत आई म्हणाल्या, "मला सगळं ठाऊक आहे. मी येणार नाही. तुला भेटायचं असेल तर इथे ये, आधी हिला फोन करून विचार आणि मग ये."

तो म्हणाला, असं कसं, मुलगा मी आहे.

"आहेसच. मी कुठे नाही म्हणते?"

मग तो माझ्याकडे वळला. हे तुला जमणार आहे का, तिचा व्यायाम, औषधं, सगळं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, "उद्या साडेआठला त्यांना न्यायचंय." ते त्याला पुरलं नसावं.

पलंगाखालच्या पिशव्या काढून दिल्या. खाली सोडायला गेले. आमच्या गाडीपाशी तो थांबला. मित्राकडून कळलं होतं त्याला, ब्रेक आवाज करत होते म्हणून. झालं का काम, विचारलं. झालं. कोणी केलं? मी म्हटलं, मी केलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. नखांच्या कडांत अजून काळं आहे, साबणाने जात नाही. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. तो गेला. गाडी वळणाआड होईपर्यंत मी उभी राहिले नाही, लगेच वर आले.

दार उघडंच होतं. आई स्वयंपाकघरात होत्या, कुबडी बाहेर खुर्चीपाशी आणि त्या ओट्याला धरून उभ्या, चहाचं आधण ठेवलेलं. मी म्हटलं, बसा तुम्ही, मी करते. "उभी राहू दे जरा," म्हणाल्या.

मी दारातच होते. तिथे मला रडू आलं. हुंदके वगैरे नाही, पण थांबेना. चौकटीला टेकले.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. गॅस बारीक केला, आणि थांबल्या.